पळायला शिकलेली हत्तीण: वेसावे ते कार्ला, एका जुन्या पिकअपमधून

हिरावहिनीने कोलंबीचं कालवण ढवळता ढवळताच निकाल सांगितला.

"एकवीरा आयची जत्रा झाली का गारी भंगारवाल्याला. मना टेम्पो पायजे."

मोरूचा घास हातातच राहिला. मी समोर बसलो होतो, रविवारचा पाहुणा. मला वाटलं, आता हा काही तरी बोलेल. पण तो काय बोलणार? वेसाव्याच्या कोळीवाड्यात समुद्र पुरुषाचा आणि पैसा बायकोचा. मासळी किनाऱ्याला लागली की ती बायकोची. विकायची तिने, घर चालवायचं तिने, होडीला नवं जाळं घ्यायचं की नाही तेही तिनेच ठरवायचं. मग गाडीचं काय?

गाडी म्हणजे हत्तीण. मोरूच्या बापाने कुठल्याशा लिलावात घेतलेला अमेरिकन बनावटीचा पिकअप, आमच्या दोघांच्या जन्माच्या आगेमागेचा. पुढचे दोन्ही मडगार्ड गंडस्थळासारखे गोल, रंग मूळचा हिरवा, आता शेवाळी. मागच्या हौद्यात बर्फ आणि मासळी. मोरू आणि मी अंधेरीच्या शाळेत एका बाकावर होतो, आणि शाळा सुटली की ह्याच हौद्यात बसून कविता पाठ करायचो. मला त्या आवडायच्या. मोरूला छडी आवडायची नाही, म्हणून तोही पाठ करायचा.

जुन्या पुणे रस्त्याने कार्ल्याला कसं जावं, असं अलीकडे दोघातिघांनी मला विचारलं. त्या रस्त्याने मी पुष्कळदा गेलो आहे. पण रस्ता म्हटलं की मला ऐंशीच्या दशकातली ती एकच खेप आठवते, तेव्हा तीच सांगतो. रस्त्याची माहिती वाटेत येईलच.

वहिनीचं म्हणणं खोटं नव्हतं. तिला सातपाटीच्या बंदरावरचा पहाटेचा लिलाव गाठायचा होता. तिथून पापलेट उचलायचं आणि ऊन चढायच्या आत अहमदाबाद हायवेने अंधेरीच्या बाजारात उतरवायचं. हत्तीण ताशी तीस मैलांपर्यंत शहाण्यासारखी चालायची. काटा त्याच्या पुढे सरकला की स्टेअरिंग हातात थरथरायला लागायचं, सगळं धूड डावी-उजवीकडे डुलायचं आणि इंजिन असं किंचाळायचं की शेजारच्या गाडीतली माणसं वळून बघायची. वहिनी डॅशबोर्डाची मूठ दोन्ही हातांनी धरून बसायची. बाजारात पोचेपर्यंत बर्फाचं पाणी आणि पापलेटचे डोळे पांढरे.

"जत्रेपर्यंत थांब," मोरू शेवटी म्हणाला. "हिला हायवेला पलवून दाखवतो."

"दाखव. कार्ल्याला हिच्यातूनशीच जाऊ. येताना मी काय ते बोलेन." वहिनीने माझ्या ताटात कालवण वाढलं. "आनि भावजी, तुमी त्याला कविता सांगू नका. नट-बोल्ट सांगा."

नट-बोल्टांशी माझा संबंध होता, नाही असं नाही. मी तेव्हा विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर होतो. आणि घाटकोपरला, हायवेच्या अलीकडे, बाबल मेस्त्रींचं गॅरेज मला ठाऊक होतं. मेस्त्री मालवणकडचे. मुंबईत आयुष्य काढून त्यांची भाषा तसूभर हलली नव्हती. हत्तिणीभोवती त्यांनी एक प्रदक्षिणा घातली, पुढचं चाक जॅकवर उचललं आणि दोन्ही हातांनी हलवलं. चाक दुधाच्या दातासारखं हललं.

"हिका पळाक येना नाय, असा कोणी सांगल्यान?" मेस्त्री म्हणाले. "पळाक येता. पण पाय लटपटतत आणि पावला ल्हान पडतत. दोन रोग आसत. एकेक बघूया."

लटपटणाऱ्या पायांचा इलाज पुढच्या चाकांत होता. चाक ज्या खिळीभोवती वळतं ती किंगपिन दोन्ही बाजूंनी झिजली होती, ती बदलली. चारी टायर वेगवेगळ्या जन्मांचे होते, ते एकाच जातीचे घातले. कमानपाट्यांखाली मेस्त्रींनी लोखंडाची एकेक बारीक पाचर बसवली, म्हणजे पुढचा आस किंचित मागे कलला. त्याने काय होतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सायकलचो चिमटो तिरको कित्याक असता? हात सोडलो तरी सरळ जाऊचा म्हणान." ब्रेकना नवे लायनर लागले आणि पाय कमी दाबावा लागावा म्हणून एका मोडीत निघालेल्या लॉरीचा बूस्टर.

लहान पावलांचं काम अवघड होतं. मागच्या आसाच्या पोटात दातेरी चाकांचं एक जोडपं असतं, क्राउन आणि पिनियन. इंजिनाचे किती फेरे झाले की चाकाचा एक फेरा व्हायचा, हे ते जोडपं ठरवतं. हत्तिणीचं जोडपं ओझं वाहायला केलेलं होतं, फेरे फार घ्यायचं. चढावर झकास, पण हायवेला इंजिन धापा टाकणार. त्याच कंपनीच्या मोटारीचं जोडपं मात्र तिच्या पोटात बसणार होतं. कुर्ल्याच्या भंगारात ते शोधत आम्ही तीन रविवार फिरलो. शेवटी एका कोपऱ्यात, मोडक्या मोटारीच्या पोटात, काळ्या ग्रीसमध्ये बुडालेलं सापडलं. मोरूने ते शर्टाच्या सोग्याने पुसलं आणि दात उन्हात चमकले तसा तोही हसला.

बसवताना मेस्त्रींनी एकदा हात थांबवला. "सपाटीर वारो होतली. घाटात मात्र जड जाताला हां. आधीच सांगतंय."

"घाटात हलू जाऊ," मोरू म्हणाला. "घाटात कोन पलतो?"

हे मलाही पटलं. घाटात कोण पळतो?

पहिली चाचणी घाटकोपर ते मुलुंड, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर. सकाळची वेळ, उजव्या हाताला खारफुटी, पुढे कांजूरची मिठागरं, त्यांत आभाळ उतरलेलं. शाळेत आमच्या गुरुजींनी बोटांच्या पेरांवर लघु-गुरू मोजायला शिकवलं होतं, ती खोड माझी अजून गेलेली नाही. हत्तीण पूर्वी ओवीसारखी चालायची, साडेतीन पावलं आणि एक उसासा. त्या दिवशी काटा तीस ओलांडून गेला, चाळीस ओलांडून गेला, आणि इंजिन एका लयीत आलं: एक हलका, दोन जड, एक हलका, दोन जड. मी मांडीवर बोटं धरली.

"मोरू, भुजंगप्रयात!"

"काय मोडला?" त्याने ब्रेकवर पाय नेला.

"मोडलं नाही रे. वृत्त आहे. चालव तू."

काटा पन्नासला टेकला. मोरूने दोन्ही हात स्टेअरिंगवरून दोन बोटं उचलले आणि हत्तीण सरळ, रेघेसारखी चालत राहिली. मुलुंडच्या नाक्यावर गाडी थांबवून तो उतरला आणि तिच्या गोल मडगार्डवर हात ठेवून नुसता उभा राहिला. डोळे ओले होते की वारा लागला होता, मी विचारलं नाही.

चैत्रात कोळी लोक एकवीरेला जातात. कोळीवाड्या-कोळीवाड्यांतून पालख्या निघतात, आणि सप्तमीला कार्ल्याचा डोंगर माणसांनी फुलतो. आम्ही आदल्या दिवशी, उजाडता उजाडता वेसाव्याहून निघालो. पुढे मोरू, मध्ये वहिनी, खिडकीशी मी. मागे हौद्यात दहा बायका, ठेवणीतली लुगडी, डोक्यात अबोलीचे गजरे. त्यांत सगळ्यांत थोरली चांगुणामावशी, वहिनीची आत्या पण कोळीवाड्याची मावशी, जिच्या जिभेला वेसाव्यात सगळे टरकायचे. शिवाय नारळांची पोती, तांदूळ, मोठी पातेली, तिथल्या चुलीसाठी सुरूची लाकडं, आणि मानाचा बोकड. हे सगळं होडीच्या जाड दोराने आवळून बांधलेलं. घाटकोपरला बाबल मेस्त्री आपली हत्यारांची पेटी घेऊन चढले आणि बोकडाशेजारी बसले. "ह्येचो वास त्येका, त्येचो वास ह्येका," चांगुणामावशी म्हणाली, मेस्त्रींच्याच बोलीची नक्कल करून. मेस्त्री हसले, बोकडाने मान फिरवली.

मानखुर्दवरून वाशीचा पूल ओलांडला. खाडीवर भरतीचं पाणी होतं. पनवेलला पहिला थांबा घ्यावा, कारण पुढे चहा चांगला मिळत नाही, निदान तेव्हा मिळत नसे. आम्ही चहा घेतला आणि बायकांनी गाठोडी सोडली: तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कैरी. खर्चाचं म्हणाल तर हत्तीण पेट्रोल ताकासारखं प्यायची. माणसांचा खर्च त्या मानाने काहीच नव्हता.

पनवेल सोडल्यावर रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना आंब्याची झाडं, दूर कर्नाळ्याचा सुळका मागे पडत चाललेला. मोरूने पाय दाबला. काटा पन्नासच्या पुढे गेला. हत्तीण गुणगुणत होती. वहिनीचे दोन्ही हात अजून मुठीवर होते.

"सोर ना आता," मोरू म्हणाला. "काय हलतंय का?"

"हात माजे, मूठ माजी. तू समोर बघ."

पण थोड्या वेळाने तिने एक हात सोडून गजरा सारखा केला, आणि तो हात परत मुठीवर गेला नाही. मोरूने ते पाहिलं. मी पाहिलं की त्याने पाहिलं. मागे बायकांनी गाणं सुरू केलं होतं. खोपोलीपर्यंत सगळं असं होतं की वाटावं, आता आईसमोर जाऊन फक्त हात जोडायचे राहिलेत.

खोपोलीच्या पुढे घाट सुरू होतो.

पहिल्या दोन वळणांवर हत्तीण तोऱ्यात चढली. तिसऱ्यावर पुढची लॉरी रेंगाळली आणि मोरूला वेग कमी करावा लागला. दुसरा गिअर टाकला, इंजिन गदगदलं. पहिला टाकला. तरी चढ जिंकत होता. त्याने क्लच अर्धा दाबून धरला आणि केबिनमध्ये जळका वास आला. तेवढ्यात मागून मेस्त्रींनी टपावर थाप मारली.

"क्लच जाळू नको! थांबव! थांबव म्हणतंय मी!"

हत्तीण थांबली. मेस्त्रींनी उडी मारून मागच्या चाकांखाली सुरूची दोन लाकडं सारली. इथे आम्हाला आमची चूक कळली, ती रस्त्याच्या मधोमध उभं राहून. घाटात हळू जाऊ, असं म्हणणं सोपं होतं. पण हळू जाण्यासाठीच ते जुनं जोडपं होतं. आम्ही तिला पळायला शिकवलं आणि त्या भरात ती हळू चालायचं विसरली होती. दहा बायका, बोकड आणि नारळ घेऊन, त्या चढावर, उभ्यानं तिला निघता येईना. मोरूने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती एक हातभर सरकून गचके खात बंद पडली.

मागे लॉऱ्यांची रांग लागली. लगेच मागच्या लॉरीचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"ओ दादा, हाथी को केला खिलाओ, तब चलेगा!"

"तुज्या लॉरीला सोंड तरी हाय का रं मेल्या?" हौद्यातून चांगुणामावशी. तिला हिंदी कळायची, पण बोलायची ती फक्त आपलीच भाषा. "गप बस नायतर तुलाच जुपीन!"

मोरू स्टेअरिंगला धरून बसला होता. वहिनीकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. तिने दार ढकललं आणि मला म्हणाली, "उतरा भावजी." मला वाटलं, संपलं. ही आता दुसऱ्या कोळीवाड्याच्या लॉरीला हात करणार, बायकांना त्यात बसवणार आणि भंगारवाल्याचं नशीब उघडणार.

ती गाडीच्या पुढे गेली, कमरेवर हात ठेवून चढाकडे पाहिलं. मग हत्तिणीकडे. मग हौद्यातल्या बायकांकडे.

"काय बघताव गो? उतरा खाली. दोर सोरा."

"सामान सांडेल," कोणीतरी म्हणालं.

"पातेली खाली ठेवा, नारल खाली ठेवा. होडी कदी वढली नाय का तुमी?"

ते ऐकलं आणि मला कळलं की ती हे सगळं कशासारखं पाहते आहे. पावसाळ्याआधी होड्या वाळूवर ओढून घेतात, तेव्हा सगळा कोळीवाडा दोराला असतो. होडीखाली ओंडके सारतात, एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओढायचं. होडी जरा पुढे आली की ओंडका पुढे. वहिनीने दोर पुढच्या बंपरला दोन वेढे घालून बांधला, आमच्या कुणाला जमली नसती अशी गाठ. अर्ध्या बायका डावीकडे, अर्ध्या उजवीकडे. लुगड्यांचे काष्टे आवळले गेले. मेस्त्री आणि मी लाकडं घेऊन मागच्या चाकांशी.

मोरू उतरायला लागला. "हाक मी देतो. नाखवा मी हाय."

"तू सुकानू धर," वहिनी म्हणाली. "गारी चालू कर आनि पायला गेर टाक. हाक मी देते."

बोकड तेवढा हौद्यात राहिला. त्याला उतरवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्याचीही काही घाई दिसली नाही.

"हय्या हो..." वहिनीची हाक त्या घाटात अशी उठली की वरच्या वळणावरची माणसं कठड्याशी आली.

"हैस्सा!"

दोर ताठ झाला. हत्तीण कण्हली, इंजिनाने घास घेतला आणि वीतभर, हातभर, दोन हात पुढे आली. "लाकूड!" आम्ही लाकडं सारली. श्वास. परत हाक. मी इतकी वृत्तं शिकलो, त्यांतल्या यतीची जागा, म्हणजे कवितेत दम घ्यायची जागा, मला नेहमी पुस्तकातली वाटायची. तिथे चाकाशी वाकून, घाम डोळ्यांत जात असताना, ती मला पहिल्यांदा अंगात कळली. दम कधी घ्यायचा हे त्या बाईच्या हाकेत होतं. पुढची ओळ आपोआप येत होती.

चौथ्या की पाचव्या हाकेला गाडी एकदम हलकी सरकली. वर पाहिलं तर तो लॉरीवाला आणि त्याचा क्लीनर, खांद्यावर पंचे टाकून, उजव्या रांगेत सगळ्यांत पुढे.

"पयला केला खा रं बाबा, मग वढ!" चांगुणामावशी ओरडली, आणि सगळा दोर हसण्याने हलला. वहिनीने दटावलं, "हसू नका गो, दोर सुटंल!" आणि स्वतःच हसली.

वळणाच्या पलीकडे चढ जरा सैल होता. हत्तिणीने तिथे पाय रोवले, इंजिनाचा सूर बदलला, आणि ती आपली आपण निघाली. मोरू थांबला नाही. थांबला असता तर परत तेच. तो तसाच रिकामी गाडी घेऊन शिंग्रोब्याच्या देवळापर्यंत वर गेला, आणि आम्ही सगळे मागून, डोक्यावर पातेली आणि नारळ घेऊन, चालत. लॉरीवाल्याने दोन पोती आपल्या गाडीतून वर आणून दिली. मावशीने त्याला खरोखरच प्रसादातली दोन केळी दिली. त्याने ती कपाळाला लावली.

शिंग्रोब्याला नाणं टाकल्याशिवाय कुठलाही जुना ड्रायव्हर पुढे जात नाही. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, असं सांगतात. देवळाशी टोपलीत करवंदं घेऊन बायका बसलेल्या असत; द्रोणभर घ्यावीत, चिकाने बोटं चिकटतात तिकडे लक्ष देऊ नये. मोरू टपाशी टेकून उभा होता. वहिनीने द्रोण त्याच्यापुढे धरला. त्याने दोन करवंदं उचलली. बोकड हौद्यात ऐटीत उभा होता. मोरू सोडला तर अख्ख्या मंडळीत घाट गाडीतून चढलेला तो एकटा.

पुढची चढण पुष्कळशी पायीच झाली. बायका उतरायच्या, हत्तीण पुढे जाऊन थांबायची. लोणावळ्याला गाडी थंड होऊ दिली. कार्ल्याच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी आणि घाई करू नये. सप्तमीला पालखी निघाली, गुलाल उडाला, ताशांनी कानठळ्या बसल्या. लेण्याच्या त्या थोरल्या दगडी कमानीखाली उभं राहून मला नेहमी वाटतं, एवढ्या पुरातन शांततेला हा एवढा गलबला कसा काय शोभून दिसतो! पण दिसतो.

वहिनी आईसमोर बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. पायऱ्या उतरताना मोरूने विचारलं, "काय मागितलास?"

"तुना कशाला?"

"गारीचा काय बोललीस का?"

"आयला काय गारी कलते?" ती म्हणाली आणि पुढे उतरून गेली. बिचाऱ्या मोरूने मला डोळ्यांनी विचारलं. मी खांदे उडवले.

परतीला घाट उतरताना मेस्त्री पुढे आले होते आणि मी मागे. नव्या जोडप्यामुळे इंजिन गाडीला तितकंसं आवरून धरत नव्हतं, सगळा भार ब्रेकवर. खोपोलीला उतरलो तेव्हा चाकांतून धग येत होती. मोरूने पाण्याचा डबा उचलला तसे मेस्त्री ओरडले, "गरम ड्रमार पाणी मारू नको, तडकतलो!" मग आम्ही नुसते थांबलो. खोपोलीचा वडा तेव्हाही चांगला होता. मी म्हणेन उतरताना तिथे थांबाच, ब्रेक गरम असोत वा नसोत.

खोपोलीला मेस्त्री परत हौद्यात गेले आणि मी खिडकीशी आलो. पनवेल मागे पडलं. संध्याकाळचा वारा सुटला होता. काटा पन्नास आणि पंचावन्नच्या मध्ये स्थिर. मागे बायका गाऊन गाऊन थकल्या होत्या. मी पुन्हा बोटांवर मोजत होतो, एक हलका, दोन जड, आणि सहज बाजूला पाहिलं तर वहिनीचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, तळव्यांवर दोराचे लाल वळ, आणि तिचं डोकं मोरूच्या खांद्यावर.

ती झोपली होती. हत्तिणीत! हायवेला!

मोरूने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, बोलू नको. गिअरची दांडी स्टेअरिंगच्या डाव्या बाजूला असायची; गिअर बदलायचा तर तो खांदा हलणार. त्याने बदललाच नाही. पुढची लॉरी हळू झाली की तो लांबूनच पाय सैल करायचा, बाजूने जागा मिळाली की परत दाबायचा. टॉप गिअरमध्ये, एका दमात, वाशीच्या पुलापर्यंत. मेस्त्रींचं ते भंगारातलं जोडपं पोटात लोण्यासारखं फिरत होतं. मी आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या कविता एकीकडे आणि ते मैल एकीकडे.

पुलावर खाडीचा खारा वारा आत आला तशी ती जागी झाली.

"कुठं आलू?"

"वाशीचा पूल."

"येवर्‍यात?" तिने डोळे चोळले, बाहेर पाहिलं, मग मुठीकडे पाहिलं, जी तिने धरलेली नव्हती. पदर नीट केला.

घाटकोपरला मेस्त्रींना सोडायला थांबलो. मोरूला धीर धरवेना. तो उतरून मेस्त्रींना म्हणाला, पण बोलला वहिनीला ऐकू जाईल असं, "मेस्तरी, जुना जोडा ठेवलाय ना? दरवर्सी जत्रेच्या आदी तो घालू. जत्रा झाली का परत हा. मग घाटाचा काय घोर नाय."

"घालूक येतलो," मेस्त्री म्हणाले. "दोन दिवसांचा काम."

वहिनी खिडकीतून वाकली.

"काय नको घालू. घाट वरसातून एकदा. तवा आमी हाव ना वढायला." मग दोराने सोलवटलेल्या हाताने तिने दारावर थाप मारली. "मना सातपाटी रोज गाठायची हाय. सोमवारी पहाटे निंगायचा. बरफ जास्ती घे. आनि त्या भंगारवाल्याला सांग, आता दुसऱ्याच्या दारात जा म्हनून."

मोरू काही तरी बोलायला गेला, पण मागून चांगुणामावशीचा आवाज आला, "चल रं नाखवा, पाय आंबलं आमचं. बायकोचं तोंड घरी बग!"

ह्याला आता कैक वर्षं झाली. हत्तीण सातपाटीच्या लिलावाला जात राहिली आणि तिच्याच कमाईवर पुढे वहिनीने टेम्पोही घेतला. टेम्पो आला, तरी भंगारवाल्याला कुणी बोलावलं नाही. हत्तीण जत्रेसाठी राहिली, आणि दर चैत्रात त्या वळणाशी बायका उतरायच्या, दोर लागायचा, हाक वहिनीची. एका वर्षी मोरूने ओझं कमी घेतलं, गाडी आपली आपण चढून जाईल म्हणून. बायकांनी ऐकलं नाही. त्याला थांबायला लावलं आणि उतरून ओढलीच.

ते जुनं जोडपं मेस्त्रींनी मला देऊन टाकलं, कुणालाच लागणार नाही म्हणून. त्यातलं पिनियन मुलुंडच्या माझ्या घरी टेबलावर असतं. पूर्वी कागद उडू नयेत म्हणून ठेवायचो. आता मी हे असं पडद्यावर लिहितो, उडायला कागदच नाहीत. तरी लिहिता लिहिता डावा हात त्याच्या दातांवरून फिरतो, एक हलका, दोन जड.

तुम्ही कार्ल्याला जाल तेव्हा नव्या रस्त्याने जाल, बोगद्यातून, घाट आला कधी आणि गेला कधी ते कळणारही नाही. जमलं तर एकदा जुन्या रस्त्याने जा. पनवेलला चहा, शिंग्रोब्याला नाणं, उतरताना खोपोलीचा वडा. गाडीत एक जाड दोर टाका. आणि गाडी रिकामी नेऊ नका; मागे चारसहा माणसं अशी असू देत, जी घाटात खाली उतरतील.